उघडं दार : माहिती तंत्रज्ञान, दहशतवाद आणि सरकार

आधी एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरच्या किंवा होस्टेलच्या राउटरचा पासवर्ड काय आहे? वाय-फाय जोडण्यासाठी लागतो तो नव्हे. राउटरच्या सेटिंग्ज उघडायला जो लागतो, तो. हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी घरी जाऊन आमचा राउटर तपासला. युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन! कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय शिकणाऱ्या मुलीच्या घरी ही अवस्था. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?"

हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. त्याचं उत्तर २००८ साली नवी मुंबईत मिळालं होतं.

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि ५६ माणसं मारली गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनेल्सना 'इंडियन मुजाहिदीन' या नावाने एक ई-मेल आला होता. पोलिसांनी त्या मेलच्या आयपी ॲड्रेसचा माग काढला. तो जाऊन पोचला सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे एक परदेशी गृहस्थ राहत होते. चौकशीअंती लक्षात आलं की त्यांचं वाय-फाय बाहेरच्या कुणीतरी वापरलं होतं, कारण ते उघडं होतं. पुढचा मेल ऑगस्टमध्ये मुंबईतल्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. त्यापुढचा, सप्टेंबरमधल्या दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा, चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेला.

म्हणजे त्या घरात चोरण्यासारखं काय होतं? पत्ता. दहशतवाद्यांना फक्त दुसऱ्याचा पत्ता हवा होता, आणि आपण तो फुकट दिला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशातली गत!

माहिती तंत्रज्ञान वापरून दहशतवाद कसा चालतो आणि सरकारने त्याला कसं तोंड द्यावं, हा या लेखाचा विषय आहे. वाचता वाचता माझं जे मत बनलं ते सुरुवातीलाच सांगून टाकते. दहशतवाद्यांनी आजवर जे तंत्रज्ञान वापरलं ते बहुतेक वेळा आपल्या सर्वांच्या रोजच्या वापरातलंच होतं. त्यामुळे तंत्रज्ञानावर बंदी घालून किंवा सगळ्या जनतेवर नजर ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. दारं नीट लावणं, नोंदी नीट ठेवणं आणि हातात असलेली माहिती वेळेवर जोडणं, ही कंटाळवाणी कामंच त्यावरचा खरा उपाय आहेत.

सायबर दहशतवाद म्हणजे काय?

ढोबळमानाने याचे दोन प्रकार करता येतील.

पहिल्या प्रकारात तंत्रज्ञान हे साधन असतं. हल्ला बंदुकीने किंवा बॉम्बनेच होतो, पण नियोजन, संपर्क, पैसे पाठवणं, नवी मुलं हेरणं आणि प्रचार यासाठी इंटरनेट वापरलं जातं. दुसऱ्या प्रकारात तंत्रज्ञान हेच लक्ष्य असतं. वीज, बँका, रेल्वे, हॉस्पिटल यांची संगणक यंत्रणा बंद पाडून लोकांमध्ये भीती पसरवायची.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला, पण त्यात 'सायबर दहशतवाद' हा शब्द नव्हता. २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६एफ आलं. ही दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. देशाची एकता, सुरक्षितता किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याच्या किंवा लोकांत दहशत पसरवण्याच्या हेतूने संगणक यंत्रणा बंद पाडणं, तिच्यात बेकायदा शिरणं किंवा व्हायरस सोडणं, आणि त्यातून मृत्यू, इजा किंवा अत्यावश्यक सेवांचं नुकसान होणं, असं साधारण या कलमाचं स्वरूप आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत होऊ शकते.

या कलमाखाली ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने एका आरोपीला जन्मठेप सुनावली. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन शाळेवर हल्ला करण्याचा त्याचा कट होता आणि त्यासाठी खोट्या नावाचं फेसबुक अकाउंट वापरलं गेलं होतं. हा आरोपी व्यवसायाने कॉम्प्युटर इंजिनिअर होता. २००८ च्या त्या ई-मेल प्रकरणात पोलिसांनी ज्यांना पकडलं, त्यांतही पुण्यातले शिकलेसवरलेले संगणकतज्ज्ञ होते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही. डिग्रीमुळे माणूस शहाणा होतोच असं नाही.

२६/११ : एका हल्ल्याचा तांत्रिक अभ्यास

२६ नोव्हेंबर २००८ ला मी जेमतेम तीन वर्षांची होते. त्या रात्रीचं मला काहीच आठवत नाही. आमच्या पिढीसाठी २६/११ म्हणजे सीएसटीवरच्या कसाबचा तो फोटो, जळणारा ताजचा घुमट, आणि हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे. पण इंजिनिअरिंगच्या दृष्टीने पाहिलं तर ही घटना म्हणजे 'साधन म्हणून तंत्रज्ञान' या प्रकाराचं जवळजवळ पूर्ण उदाहरण आहे.

*दिशा :* दहा अतिरेकी कराचीहून समुद्रमार्गे निघाले. वाटेत त्यांनी 'कुबेर' हा भारतीय मासेमारी ट्रॉलर पळवला. मुंबईपर्यंतचा रस्ता त्यांना जीपीएसने दाखवला. सोबत सॅटेलाइट फोन होता. दोन्ही वस्तू बाजारात कुणालाही मिळणाऱ्या!

*संपर्क :* ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधल्या अतिरेक्यांना पाकिस्तानातून सतत सूचना मिळत होत्या. त्यासाठी व्हीओआयपी म्हणजे इंटरनेटवरून चालणारी फोनसेवा वापरली होती. यात आवाजाचे छोटे डिजिटल तुकडे, म्हणजेच पॅकेट्स, करून ते इंटरनेटवरून पाठवतात. फोन करणारा कराचीत बसला असला तरी त्याचा कॉल आधी अमेरिकेतल्या सर्व्हरवर जातो आणि तिथून मुंबईच्या मोबाईलवर येतो. मोबाईलवर नंबर दिसतो तो परदेशी. या हल्ल्यात न्यू जर्सीच्या एका कंपनीचं खातं वापरलं होतं आणि ऑस्ट्रियाचा एक 'व्हर्च्युअल' नंबरही घेतला होता. खरं तर ऑस्ट्रियात कुणीच बसलेलं नव्हतं.

*पैसा :* इटालियन पोलिसांच्या तपासानुसार हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया शहरातून २२९ डॉलर पाठवून या सेवेचा एक हप्ता भरला गेला. तेव्हाच्या दराने साधारण अकरा हजार रुपये. १६६ माणसं मारणाऱ्या कटाच्या दूरसंचार यंत्रणेचं हे एक बिल!

*बातमी :* कराचीतले सूत्रधार टीव्हीवर आपलेच चॅनेल्स बघत होते. कमांडो कुठे उतरले, पोलीस कुठे उभे आहेत, हे आपण त्यांना लाइव्ह दाखवत होतो आणि ते फोनवरून आत सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्यानंतर २०१५ मध्ये केबल टीव्ही नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद करण्यात आलं. कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने जी माहिती देईल तेवढीच दाखवायची.

आता नाण्याची दुसरी बाजू. याच तंत्रज्ञानाने अतिरेक्यांना उघडंही पाडलं. व्हीओआयपी कॉलचा शेवटचा टप्पा मुंबईतल्या साध्या मोबाईलवर येत होता. ते नंबर हाती लागताच एटीएसने संभाषणं रेकॉर्ड केली. 'कुबेर'वर सापडलेल्या जीपीएसमध्ये कराचीपासून मुंबईपर्यंतच्या ठिकाणांच्या नोंदी मिळाल्या आणि अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांनी त्याबद्दल भारतीय कोर्टात साक्ष दिली. हा कट पाकिस्तानात शिजला, हे सिद्ध करताना कसाबच्या जबाबाइतकाच या डिजिटल पुराव्याचा उपयोग झाला. यंत्राला देश नसतो आणि धर्मही नसतो. ते फक्त नोंद ठेवतं.

पण सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'प्रोपब्लिका' यांनी एक शोधवृत्त छापलं. त्यानुसार लष्कर-ए-तय्यबाची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या झरार शाह याच्या इंटरनेटवरच्या हालचाली ब्रिटनची गुप्तचर संस्था हल्ल्याच्या आधीपासून पाहत होती. एका भारतीय संस्थेचीही त्याच्यावर नजर होती. अमेरिकेकडे मुंबईविषयी वेगळे इशारे होते. तिघांकडे कोड्याचे वेगवेगळे तुकडे होते, ते एका टेबलावर आले नाहीत.

म्हणजे माहिती कमी पडली असं सरसकट म्हणता येत नाही. माहिती होती, पण जुळली नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

जेव्हा यंत्रणाच लक्ष्य असते

दुसऱ्या प्रकारात सुदैवाने भारतात २६/११ सारखी जीवितहानी झालेली नाही. पण जगातली उदाहरणं बघितली की पुढे काय होऊ शकतं याचा अंदाज येतो.

एस्टोनिया हा सुमारे तेरा लाख वस्तीचा देश. २००७ च्या एप्रिलमध्ये तिथे सोव्हिएत काळातला एक पुतळा हलवण्यावरून वाद पेटला आणि पाठोपाठ संसद, मंत्रालयं, बँका आणि वृत्तपत्रांच्या संगणकांवर खोट्या विनंत्यांचा पूर आला. याला डिनायल ऑफ सर्व्हिस हल्ला म्हणतात. कल्पना करा, रेल्वेच्या तिकीट खिडकीसमोर दहा हजार माणसं उगीचच रांग लावून उभी राहिली, तर ज्याला खरंच तिकीट हवं आहे तो खिडकीपर्यंत पोचणारच नाही. इथे रांगेतली 'माणसं' म्हणजे जगभरातले व्हायरस शिरलेले कॉम्प्युटर्स. त्यांच्या मालकांना पत्ताही नसतो!

युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ ला हल्लेखोरांनी वीज कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात प्रवेश मिळवला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर स्क्रीनवरचा माउस आपोआप हलत होता आणि ब्रेकर एकेक करून उघडत होते. सुरुवात कशी झाली होती? कर्मचाऱ्यांना आलेल्या एका ई-मेलमधल्या वर्ड फाइलपासून. आणि वीज परत कशी आली? कर्मचारी सबस्टेशनवर गेले आणि त्यांनी हाताने स्विच लावले. जुनी यंत्रणा तिथे शिल्लक होती म्हणून काही तासांत निभावलं.

हे एका देशाने दुसऱ्यावर केलेले हल्ले की दहशतवाद, यावर वाद घालता येईल. पण जे तंत्र आज एखाद्या देशाकडे आहे ते उद्या टोळीकडे असणार नाही, असं कोण सांगेल?

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये कुडनकुळम अणुवीज प्रकल्पाच्या एका कॉम्प्युटरमध्ये मालवेअर सापडलं. अणुऊर्जा महामंडळाने ऑक्टोबरअखेर ते मान्य केलं, पण तो कॉम्प्युटर प्रशासकीय नेटवर्कवरचा होता. अणुभट्टीचं नियंत्रण वेगळ्या, बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या नेटवर्कवर असल्यामुळे धोका पुढे गेला नाही. याउलट २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट झाला. जवळजवळ दोन आठवडे रुग्णांची नोंदणी, रिपोर्ट, सगळं कागदावर चाललं. दिल्ली पोलिसांनी या प्रकरणी सायबर दहशतवादाचं कलमही लावलं. नेटवर्कचं विभाजन नीट नव्हतं, असं नंतर सरकारनेच संसदेत सांगितलं.

दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघा. एके ठिकाणी आतलं दार बंद होतं, दुसऱ्या ठिकाणी ते नव्हतं. आपण परीक्षेत पाच मार्कांसाठी पाठ करतो ते 'नेटवर्क सेगमेंटेशन' म्हणजे हेच.

सरकार काय करू शकतं?

*१) माहिती एकत्र आणणं.* २६/११ नंतर लगेच, ३१ डिसेंबर २००८ रोजी, राष्ट्रीय तपास संस्था म्हणजे एनआयए स्थापन करणारा कायदा झाला. वेगवेगळ्या गुप्तचर संस्थांची माहिती एकत्र करणाऱ्या मल्टी एजन्सी सेंटरला बळ दिलं गेलं. विविध खात्यांचे डेटाबेस जोडणाऱ्या 'नॅटग्रिड'ची कल्पनाही त्याच हल्ल्यातून पुढे आली. सॉफ्टवेअर बनवणं यातला सोपा भाग आहे. 'माझी माहिती मी दुसऱ्या खात्याला का देऊ?' ही वृत्ती बदलणं अवघड. त्यासाठी कुठलाही प्रोग्राम अजून निघालेला नाही!

*२) नोंदी आणि घड्याळं.* हा मुद्दा कुणाला कंटाळवाणा वाटेल, पण सानपाड्याची केस आठवा. आयपी ॲड्रेस म्हणजे माणूस नव्हे. आज आयपीव्ही४ पत्त्यांच्या टंचाईमुळे मोबाईल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. कोणत्या सेकंदाला, कोणत्या पोर्टवरून, कोणता ग्राहक बोलत होता, हे कळलं तरच खरा माणूस सापडतो. आणि दोन सर्व्हरच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक असेल तर? शेजारचा निर्दोष माणूस पकडला जाईल. म्हणूनच देशाच्या सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढले. सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यायची, लॉग १८० दिवस जपायचे आणि सर्व यंत्रणांची घड्याळं सरकारी प्रमाणवेळेच्या सर्व्हरशी जुळवायची. हे आदेश वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की नेटवर्क टाइम प्रोटोकॉलसुद्धा कुणाला तरी तुरुंगातून वाचवू शकतो.

*३) दारं बंद करणं.* ई-मेल प्रकरणानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम आले, त्यात ग्राहकाचं ओळखपत्र आणि वर्षभराच्या नोंदी सक्तीच्या झाल्या. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण आलं ते बरंच झालं. आता खरी गरज आहे ती राउटर, कॅमेरा असली उपकरणं कारखान्यातूनच सुरक्षित येण्याची. सगळ्यांना एकच 'ॲडमिन' पासवर्ड देऊन वस्तू विकायलाच बंदी हवी. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असा कायदा लागू केला आहे.

*४) महत्त्वाच्या यंत्रणांचं संरक्षण.* वीज, बँका, दूरसंचार, वाहतूक अशा यंत्रणांसाठी २०१४ मध्ये एनसीआयआयपीसी ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. पण दिल्लीतली संस्था प्रत्येक हॉस्पिटलचा सर्व्हर तपासू शकत नाही. नियमित तपासणी, बॅकअप आणि युक्रेनसारखी 'हाताने चालवता येईल' अशी पर्यायी व्यवस्था प्रत्येक ठिकाणी हवी. हॉस्पिटलमध्ये आग विझवण्याचं ड्रिल होतं, तसं 'आज सर्व्हर बंद आहे असं समजा' हे ड्रिल का होऊ नये?

*५) माणसं.* एस्टोनियाने २००७ च्या हल्ल्यानंतर संगणकतज्ज्ञ नागरिकांचं एक स्वयंसेवक पथक उभं केलं. बँकेत किंवा कंपनीत नोकरी करणारे तज्ज्ञ गरज पडली की देशासाठी काम करतात. आपल्याकडे एनसीसी आहे, एनएसएस आहे. इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं असलेल्या महाराष्ट्रात असं पथक उभारणं अशक्य आहे का?

*६) परदेशांशी सहकार्य.* न्यू जर्सी, ऑस्ट्रिया, इटली, कराची, मुंबई. एकाच गुन्ह्याचे धागे इतके पसरलेले असतात. दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवरचा पुरावा मागायचा तर कागदोपत्री विनंती करावी लागते आणि तोपर्यंत लॉग पुसले जातात. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात भारत सामील झालेला नाही. आपल्याला न विचारता तो बनवला गेला, हा आपला आक्षेप. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने नवा सायबर गुन्हे करार मंजूर केला. असे करार व्हायला वेळ लागतो, आणि न्यायालाही. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून भारतात आणायला एप्रिल २०२५ उजाडला!

औषधाची मात्रा

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, सगळ्यांचे फोन ऐका, सगळे मेसेज तपासा, म्हणजे प्रश्नच मिटला. वाचायला सुरुवात केली तेव्हा मलाही थोडंफार असंच वाटत होतं. 'मी काही चूक करत नाही, मग सरकारने वाचलं तर वाचलं.' दोन घटनांनी माझं मत बदललं.

पहिली ग्रीसमधली. मोबाईल एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी एक सोय असते. २००४-०५ मध्ये तिथल्या एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत कुणीतरी शिरलं आणि पोलिसांसाठी ठेवलेली हीच सोय वापरून शंभराहून अधिक फोन ऐकत राहिलं. त्यात खुद्द पंतप्रधानांचा फोन होता! पोलिसांसाठी ठेवलेलं मागचं दार चोरालाही सापडतं. एन्क्रिप्शनमध्ये असं दार ठेवा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्या एन्क्रिप्शनमागे अतिरेकी लपतो त्याच एन्क्रिप्शनमुळे आपले बँकेचे व्यवहार आणि लष्कराचे निरोपही सुरक्षित राहतात.

दुसरी घटना आपल्याच पालघरची. माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती २००६ पासून संसदेत पडून होती. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये ती जवळजवळ चर्चेविना मंजूर झाली. त्यात ६६एफ होतं, तसंच ६६ए नावाचं आणखी एक कलम होतं. इंटरनेटवरून 'त्रासदायक' किंवा 'आक्षेपार्ह' मजकूर पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. आता त्रासदायक म्हणजे काय, हे कोण ठरवणार? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. दोघी विशीतल्या, म्हणजे माझ्याच वयाच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६६ए रद्द केलं. त्याच निकालात संकेतस्थळं बंद करण्याचा सरकारचा अधिकार, म्हणजे कलम ६९ए, मात्र कायम ठेवला, कारण त्यात लेखी कारणं आणि ठरलेली कार्यपद्धती आहे.

मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. कोर्टाने सरकारचे हात बांधले नाहीत. 'अधिकार वापरा, पण का वापरला ते लिहून ठेवा आणि मर्यादा पाळा' एवढंच सांगितलं. इंटरनेट बंद करण्याबद्दलही तेच. १० जानेवारी २०२० च्या काश्मीरविषयक निकालात न्यायालयाने म्हटलं की बेमुदत इंटरनेटबंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश जाहीर केले पाहिजेत. म्हणजे आपण ज्या लॉगची अपेक्षा सर्व्हरकडून करतो, त्याच लॉगची अपेक्षा कोर्ट सरकारकडून करतं. कुणी, केव्हा, कशासाठी? नोंद ठेवा.

दहशतवादाचा उद्देश माणसं मारणं एवढाच नसतो. उरलेल्यांनी घाबरून जगावं, एकमेकांवर संशय घ्यावा, हाही असतो. सानपाड्याच्या उघड्या राउटरसारखाच चर्चेविना केलेला कायदाही एक उघडं दारच असतो. त्यातून आत कोण येईल ते सांगता येत नाही.

आणि आपण?

आपल्यातले बरेच जण दोन वर्षांत कुठल्या ना कुठल्या कंपनीत कोड लिहीत असतील. कुणी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर करेल, कुणी महावितरणचं, कुणी बँकेचं. रिलीजची तारीख जवळ आली की 'पासवर्डचं नंतर बघू', 'लॉगिंग नंतर टाकू' हे शब्द आपल्याच तोंडून निघणार आहेत. कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टमध्ये ते निघतातच! तेव्हा ही उदाहरणं आठवावीत, एवढीच इच्छा. सरकार म्हणजे कुणी वेगळं नसतं. सरकारी सर्व्हरही आपल्यासारख्याच कुणीतरी बसवलेला असतो.

आमच्या राउटरचा पासवर्ड मी त्याच दिवशी बदलला. फर्मवेअर अपडेट केलं आणि नको असलेलं रिमोट ॲक्सेस बंद केलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. बाबांना सानपाड्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "शेजारच्या काकांचाही बघून ये जरा."

गेले. तिथेही ॲडमिन, ॲडमिनच होतं.